चाचणीच्या भिंतींवर गिलावा होण्यापूर्वी स्थळभेट देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण समन्वयक,
व्यवस्थापन विभाग,
सुनकेशरी कॅम्पस, काठमांडू

विषय : कार्यप्रशिक्षणाची प्रलंबित स्थळभेट येत्या रविवारापूर्वी देणे आणि अहवालाचे भिंतींच्या नोंदीचे तिसरे प्रकरण आहे तसे ठेवणे याबाबत.

संदर्भ : आपला दि. ९ फाल्गुनचा शेरा, "विषयांतर. भिंतींची नोंद वगळावी."

महोदय,

१. अर्जदार मुना चेमजोंग ही आपल्या विभागात मनुष्यबळ व्यवस्थापन शिकते. कॅम्पसच्या आदेशानुसार ती दि. ७ पौष रोजी सामाखुसी येथील नौलो डांडा म्यानपावर या परदेशी नोकरभरती करणाऱ्या संस्थेत बारा आठवड्यांच्या कार्यप्रशिक्षणासाठी रुजू झाली. सध्या दहावा आठवडा चालू आहे. अर्जदाराची उपस्थिती पूर्ण असून वर्तनाबाबत तक्रार नाही. जी आहे ती भिंतींबाबत आहे.

२. संस्थेचे संचालक श्री. टंकप्रसाद घिमिरे यांनी अर्जदारास पहिल्या आठवड्यातच टोखा येथील चाचणी केंद्रावर नेमले. केंद्र म्हणजे चार दालनांचा सांगाडा असून खांब व स्लॅब आधीच उभे होते. मधल्या भिंती नव्हत्या. कतारमधील एका कंपनीसाठी गवंड्यांची निवड करायची होती. प्रत्येक उमेदवाराने चार फूट लांब, तीन फूट उंच भिंत बांधायची आणि अर्जदाराने वेळ, थर, सांधे व ओळंबा तपासून पन्नासपैकी गुण द्यायचे, असे कामाचे स्वरूप होते. ओळंबा कसा धरतात हे अर्जदारास कॅम्पसमध्ये शिकवलेले नव्हते. ते उमेदवार क्र. २३ यांनी शिकवले.

३. उमेदवार क्र. २३ म्हणजे श्री. हस्तबहादुर बुढा, राहणार रोल्पा, वय एक्केचाळीस. त्यांनी यापूर्वी दोन ठिकाणी अशी चाचणी दिली होती. केंद्रावर सिमेंटचा माल कालवलेला पाहून ते म्हणाले, "बहिनी, चाचणीची भिंत मातीत बांधतात. बघून झाली की आमची आम्हीच पाडतो, विटा पुसून रचून ठेवतो. ही पाडायची कोणी?"

अर्जदाराने हा प्रश्न श्री. घिमिरे यांच्यापुढे मांडला. त्यांचे उत्तर नोंदवहीत पान ११ वर आहे : "तिकडे शेखाचं घर काय मातीनं बांधतात? आणि पाडायची कशाला? नासाडी करायला शिकवतात का गं तुमच्या कॅम्पसात?"

४. त्यापूर्वीच्या भिंती पाडल्या गेल्या नव्हत्या, त्यानंतरच्याही गेल्या नाहीत. उमेदवार क्र. ७ यांची चाचणी उमेदवार क्र. ३ यांच्या चाचणीवर घेण्यात आली होती, हा प्रकार अर्जदाराने सुरुवातीस जागेची टंचाई समजून सोडून दिला होता. क्र. १२ यांना दारापुरती जागा सोडून बांधण्यास सांगितले गेले, क्र. १५ ते १८ यांना खिडकीपुरती. खालच्याची भिंत ओळंब्यात नसेल तर वरच्याचे गुण का कापावेत, याबाबत अर्जदाराने लेखी धोरण मागितले. "वरच्यानं सांभाळून घ्यायचं असतं," असे तोंडी धोरण मिळाले.

५. आपल्या मार्गदर्शिकेच्या पान ५ वर म्हटले आहे की, प्रत्येक मूल्यमापनाचा पुरावा उमेदवारनिहाय ओळखता आला पाहिजे. त्यास अनुसरून अर्जदाराने प्रत्येक भिंतीचा माल ओला असतानाच त्यात खिळ्याने उमेदवार क्रमांक व तारीख कोरली. याप्रमाणे एक्केचाळीस क्रमांक भिंतींवर आहेत. एकोणतीस उमेदवार उत्तीर्ण झाले. श्री. बुढा यांना सर्वाधिक, म्हणजे शेहेचाळीस गुण मिळाले. त्यांची भिंत स्वयंपाकघराची पूर्व बाजू आहे. त्या जागेस स्वयंपाकघर हा शब्द अर्जदाराचा नाही. श्री. घिमिरे यांच्या पत्नी ओट्याची उंची ठरवण्यासाठी आल्या असता त्यांनी तो वापरला.

६. गवंड्यांनंतर सुतारांची चाचणी झाली. चौकटी बसल्या. मग वायरमन आले, मग प्लंबर. प्लंबरांची निवड होऊन आठवडा झाल्यावर सौ. घिमिरे यांचा अर्जदारास फोन आला : "तुमच्या त्या एकावन्न नंबरला परत बोलवा. पास करा, नापास करा, मला काय करायचंय! न्हाणीतला नळ गळतोय." याची नोंद अर्जदारास "फेरचाचणी" अशी करण्यास सांगण्यात आले व तिने तशी केली. ती चूक होती, हे अर्जदार मान्य करते. महिनाअखेरीस आखाती हॉटेलांसाठी आचाऱ्यांची चाचणी आहे. दीडशे माणसांचे जेवण, असे तिचे स्वरूप असून त्याच तारखेची वास्तुशांतीची पत्रिका छापून आली आहे. पत्रिका सोबत जोडली आहे.

७. सहाव्या आठवड्यात अर्जदारास कार्यालयातील फायलींची सूची करण्याचे काम मिळाले. त्यात कतारच्या कंपनीचे गवंड्यांसाठीचे मागणीपत्र सापडले. त्याची मुदत मंसिर महिन्यातच, अर्जदार रुजू होण्यापूर्वी संपलेली होती. म्हणजे एक्केचाळीस जणांनी ज्या नोकरीसाठी भिंती बांधल्या, ती नोकरी पहिली वीट ठेवली तेव्हाच उरलेली नव्हती. अर्जदाराने विचारणा केली असता श्री. घिमिरे म्हणाले, "मागणी आज गेली, उद्या येईल. तोवर हात चालता राहिला तर त्यांचंच भलं आहे ना?"

अर्जदाराने या एक्केचाळीस जणांना स्वतःच्या तोंडाने सांगितले होते की फोन येईल. चाचणीच्या चिठ्ठीवर संपर्कासाठी क्रमांक अर्जदाराचाच होता. त्यामुळे फोन येतात, ते अर्जदारास.

८. श्री. बुढा एक दिवसाआड फोन करतात. ते रागावत नाहीत. "बहिनी, झालं का काही? नसेल झालं तर तसं सांग, मी दुसरीकडे अर्ज घालतो. पण पासपोर्ट तुमच्या कपाटात आहे, त्याशिवाय मला दारात कोण उभं करणार?" असे ते विचारतात. एकोणतीस उत्तीर्ण उमेदवारांचे पासपोर्ट संस्थेच्या कपाटात आहेत. कंपनीचा अंतिम निकाल लागल्याशिवाय ते परत मिळत नाहीत, आणि तो निकाल लागत नाही.

गेल्या रविवारी अर्जदाराच्या सांगण्यावरून श्री. बुढा यांनी थेट कार्यालयात फोन केला. श्री. घिमिरे यांनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे पुढील बोलणे अर्जदाराने स्वतः ऐकले.

"कसली चाचणी? तुझ्याकडे कागद आहे काही?"

"कागद नाही हजूर. भिंत आहे."

"असल्या भिंती या खोऱ्यात पैशाला पासरी आहेत, बाबा. तुझं नाव लिहिलंय का तिच्यावर?"

यावर श्री. बुढा यांनी फोन ठेवला. नाव नसले तरी क्रमांक लिहिला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. श्री. घिमिरे यांना ठाऊक होते. त्यांनी त्याच दुपारी गिलावा करणाऱ्या उमेदवारांची चाचणी दोन आठवडे अलीकडे, म्हणजे रविवार दि. १८ फाल्गुनला आणली.

९. त्याच दिवशी त्यांनी अर्जदारास बसवून चहा दिला आणि समजावले, "हे बघ मुना, तू हुशार आहेस. साठ मार्क माझ्या हातात आहेत, साठच्या साठ टाकतो. फक्त अहवालात लिही, भिंती त्या त्या दिवशी नियमाप्रमाणे पाडल्या. तुमच्या सरांनाही भिंती नकोच आहेत." यानंतर त्यांनी आपला ९ फाल्गुनचा शेरा वाचून दाखवला. आपला शेरा त्यांच्यापर्यंत कसा पोहोचला, हे अर्जदारास माहीत नाही. आपण तो केवळ प्रकरणाची लांबी पाहून दिला असावा, असे अर्जदार धरून चालते.

१०. मार्गदर्शिकेच्या पान ७ वरील नियमानुसार, पर्यवेक्षक शिक्षकाने प्रत्यक्ष स्थळी पडताळून स्वाक्षरी केलेली नोंदवही कॅम्पसचा अधिकृत दस्तऐवज ठरते व मागणाऱ्यास तिची प्रत मिळू शकते. तशी प्रत हाती आली तर उमेदवारांजवळ कागद होईल. तो दाखवून ते निकाल मागू शकतील, किंवा निदान पासपोर्ट. आपल्या कार्यालयातील तक्त्यात अर्जदाराच्या नावापुढे "स्थळभेट झाली" अशी खूण दिसते. अर्जदाराच्या समजुतीप्रमाणे ती भेट फोनवर झाली व पलीकडून श्री. घिमिरे बोलत होते. फोनवरून भिंतीवरचा क्रमांक वाचता येत नाही.

११. सबब विनंती की, आपण उद्या शुक्रवारी टोखा येथे येऊन नोंदवहीतील क्रमांक भिंतींवरच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत व स्वाक्षरी करावी. अर्ध्या तासाचे काम आहे. साठ गुणांबाबत अर्जदाराचे काही मागणे नाही. ते न मिळाल्यास हे वर्ष पुन्हा करावे लागेल, हे तिने घरी कळवले आहे.

१२. शुक्रवारी येणे न जमल्यास अर्जदाराजवळ एकच उपाय उरतो. रविवारी सकाळी सात वाजता गिलाव्याचे सहा उमेदवार हजर होतील. कोणाला कोणती भिंत द्यायची हे ठरवण्याचे काम अर्जदाराकडेच आहे. ती प्रथम जिना देईल. तिथे क्रमांक नाहीत. मग कुंपणाची आतली बाजू, मग संडास, मग न्हाणी. बैठकीच्या खोलीपर्यंत सोमवार संध्याकाळ होईल. स्वयंपाकघराची पूर्व भिंत सर्वांत शेवटी घेतली जाईल. त्या हिशेबाने आपल्याकडे मंगळवारी दुपारपर्यंत वेळ आहे. मात्र जितका उशीर होईल, तितके क्रमांक कमी भरतील.

आपल्या वाटेकडे डोळे लावून असलेली,
आपली विद्यार्थिनी,

(मुना चेमजोंग)
हजेरी क्र. ३४
काठमांडू, दि. १५ फाल्गुन २०८१

सोबत :
१. नोंदवहीची झेरॉक्स. मूळ वही अर्जदार स्वतःजवळ बाळगते, कार्यालयात ठेवत नाही.
२. भिंतींचा क्रमांकवार नकाशा.
३. मुदत संपलेल्या मागणीपत्राची नक्कल.
४. वास्तुशांतीची पत्रिका. आपले नाव पाहुण्यांच्या यादीत आहे.
५. श्री. हस्तबहादुर बुढा यांचा फोन क्रमांक. आपण पडताळणीसाठी फोन केल्यास ते नोकरीचे विचारणार नाहीत, आधी भिंतीचे विचारतील. ती आजच्या तारखेस उभी आहे व ओळंब्यात आहे, एवढे त्यांना सांगावे.