न केलेली सही

३ फेब्रुवारी, मंगळवार

यांनी सही केली नाही! अकरा वर्षं लिफ्ट तपासायचं काम केलं, आणि आज भरला डबा घेऊन दुपारीच घरी. सहा मजली इमारतीच्या लिफ्टचा दोर झिजलाय. साहेब म्हणाले, "सध्या ठीक आहे असं लिहा, दोर नंतर बदलू." हे म्हणाले, "मग सहीही नंतर." झालं! नोकरी गेली, महिनाअखेर क्वार्टर सोडायचं.

"देव बघेल," म्हणाले आणि हात धुऊन जेवायला बसले. सामान मी बांधणार, खोली मी शोधणार — आणि बघेल देव!

७ फेब्रुवारी

दादाचा फोन. "दाजींची तत्त्वं काय चुलीत घालायचीत?" मी यांची बाजू घेऊन कडाकडा भांडले. फोन ठेवल्यावर लाज वाटली. मलाही दादासारखंच म्हणायचं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये उपासनेत पाळकसाहेब संतोषावर बोलले — आहे त्यात सुखी राहा, देवावर भार टाका. पुढच्या बाकावरची बाई जोरात "आमेन" म्हणाली. तिची तीन घरं आहेत!

प्रार्थनेला डोळे मिटले तर आत काहीच नाही. रिकाम्या घरात हाक मारावी तसं. लेकीनं कोपरानं ढोसलं. "आई, तू देवावर रागावलीस?"

"नाही गं."

खोटं बोलले. तेही उपासनेत.

२८ फेब्रुवारी

आलो. एकच खोली, मोरीला पडदा. कपाट दारातून आत जाईना, जिन्याखाली ठेवलं. हे पलंगाचे नट आवळत होते आणि चक्क भजन गुणगुणत होते! माझा तोल सुटला. "तुमच्या देवाला एक खिडकी मागा की!"

तुमच्या देवाला. गुणगुणणं थांबलं.

१ मार्च

प्रार्थना केली नाही.

४ मार्च

आजही नाही.

१२ मार्च

हे रोज काम शोधायला जातात. जातील तिथे साहेबांचा फोन आधीच पोचलेला — माणूस अडेलतट्टू आहे, घेऊ नका. आज कपबश्या विसळताना वाटलं, साहेब कागद घेऊन आले तर यांचा हात धरून मीच सही गिरवून घेईन. देवाला दिसलंच असेल हे. लपवून काय करू?

१९ मार्च

साहेबांचा माणूस आला. सहीवाचून लिफ्ट अजून बंदच आहे, दुसरं कुणी सही करायला धजत नाही. "सही करा, नोकरी परत, क्वार्टर परत. उद्या सकाळी कळवा."

तो गेला. हे पलंगाच्या कडेवर बसून राहिले. एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, "मी 'देव बघेल' म्हणायचो ना, ते मलाच धीर यावा म्हणून. आता तोही संपला. तू सांग. करू सही?"

२० मार्च

"नका करू." मीच म्हणाले! विचार करून नाही, निघालंच तोंडातून. नंतर दोघंही रडलो. पुढचं काही दिसत नाही. पण सकाळी नकार कळवायला हे नाही, मी गेले.