क्रोमचे पापुद्रे

पुसद, रविवार, १९६२

बोट अजून ठणकतंय, पण मन हलकं आहे. सकाळी टॅक्सी धुताना चाकाच्या टोपीवरचा क्रोमचा सुटलेला पापुद्रा बोटात घुसला. ब्लेडसारखी धार! रक्त थांबेना. शेजारच्या ओसरीवरून दादानं पाहिलं. वाटणीचं शेत विकून मी ही गाडी घेतली, तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आज मात्र धावत आला आणि धोतराची किनार फाडून बोट बांधलं.

"काहून हात घातला तिथं? लय दुखते काय?"

हा आवाज ऐकून किती दिवस झाले!

मग तो तिथंच बसला. चारही टोप्या काढून काचकागदानं सुटलेलं क्रोम घासलं. मी आणून ठेवलेला रुपेरी रंग लावला. मी नुसता बघत राहिलो. त्या पापुद्र्यावर रागावू तरी कसा?

रंग वाळल्यावर भीत भीत विचारलं, "दादा, बसतं काय? एक चक्कर मारू."

तो चपला काढून पुढच्या सीटवर बसला.

"अरे, चपला राहू दे न पायात."

"कायले? घरात कोनी चपला घालते काय? घरचीच त हाये," दादा म्हणाला.