हरणी बकरी व सतरा कोंबड्यांच्या मरणाचे खरे कारण नोंदवण्याबाबत

प्रति,
मा. कलेक्टर साहेब,
जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)
(मंगळवारच्या जनसुनवाईत समक्ष सादर)

अर्जदार : जयवंता नत्थूजी कळंबे, वय ५४, धंदा शेती व पशुपालन, रा. रामाकोना, तहसील सौंसर

विषय : पशुमेळाव्यातील मृत्यूंचा खोटा अहवाल रद्द करण्याबाबत.
संदर्भ : नवगोकुळ पशुधन संस्थेचा अहवाल, दि. २ मे २०२५

महोदय,

अर्जदाराचे म्हणणे तिची सून प्रणाली हिने ऐकून लिहिले व तिला वाचून दाखवले. दोन ठिकाणी प्रणालीने शब्द सौम्य केले होते. ते अर्जदाराने पुन्हा होते तसे करून घेतले.

१. अर्जदाराकडे दोन एकर संत्र्याची बाग, नऊ बकऱ्या व त्रेचाळीस देशी कोंबड्या होत्या. कोंबड्या दिवसभर झाडांखाली चरतात, किडे वेचतात, दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरतात. बकरीचे पिलू आईपासून तोडायचे नाही, दुपारच्या उन्हात जनावर हलवायचे नाही, हा अर्जदाराच्या सासूपासूनचा नेम आहे. हे पाहूनच गावातील अकरा बायांनी तिच्याकडून कोंबड्या पाळणे शिकून घेतले. त्यांचा गट सदर संस्थेच्या यादीत आहे.

२. सदर संस्थेचे संयोजक रवींद्र हे मार्चमध्ये बागेत आले. मोकळ्यावरचे पशुपालन लोकांना दाखवायचे आहे, जनावरे घेऊन सौंसरच्या मेळाव्याला या, अर्जदाराचा सत्कारही होईल, असे ते म्हणाले. अर्जदाराने सावली व पाण्याचे विचारले. सगळी सोय आहे, असे उत्तर मिळाले. अर्जदाराने विश्वास ठेवला. चूक म्हणायची तर तिची एवढीच.

३. दि. २४ एप्रिल रोजी सकाळी नऊ वाजता संस्थेच्या माणसांनी वीस कोंबड्या व हरणी नावाची गाभण बकरी दोन लोखंडी पिंजऱ्यांत घालून मैदानात मांडली. वर पत्रा होता. पिंजऱ्यांना कुलपे लावली व किल्ल्या रवींद्र यांनी खिशात ठेवल्या. पाहुणे अकराला येणार होते, ते सव्वादोनला आले. त्यांच्या मंडपात चार कुलर चालू होते. टँकर आला होता, त्यातले पाणी धूळ बसावी म्हणून मैदानावर शिंपडले.

बारा वाजता कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकू लागल्या. अर्जदाराने बादली भरून आणली व किल्ली मागितली. रवींद्र म्हणाले, "बाई, पाहुणे येऊन राहिले. फोटोच्या आधी पिंजरा खोलला तर कोंबड्या मैदानभर पळतील."

अर्जदार म्हणाली, "भाऊ, फोटो मागून काढजा. जीव जाऊन राहिला त्यांचा."

तिने तीनदा किल्ली मागितली. गजांमधून वाटी आत जाईना. तिने पदर भिजवून आत पिळला, तेव्हा एकमेकींना तुडवत साऱ्या कोंबड्या त्या थेंबांवर पडल्या. दीड वाजता अर्जदाराने दगडाने दोन्ही कुलपे फोडली. सतरा कोंबड्या मेल्या होत्या. हरणी उठली नाही. अर्जदाराचे पती नत्थूजी तिचे डोके मांडीवर घेऊन चारपर्यंत बसले. ती गेली तेव्हा पोटातली दोन पिलेही गेली. माइकवरून उत्कृष्ट पशुपालक म्हणून अर्जदाराचे नाव पुकारले, तेव्हा ती मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरत होती. ती स्टेजवर गेली नाही.

४. सरकारी पशुवैद्य डॉ. प्राजक्ता यांनी त्याच संध्याकाळी शवविच्छेदन केले. ऊन लागल्याने व पाणी न मिळाल्याने मृत्यू, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. संस्थेचा अहवाल मात्र म्हणतो की, जनावरे मोकळी वाढवल्यामुळे त्यांना पिंजऱ्याची सवय नव्हती, म्हणून ती दगावली. म्हणजे दोष मोकळ्या हवेचा! पुढे असेही लिहिले आहे की, अर्जदाराने संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान केले. आणि तिच्यासह गटातील अकराही बायांनी महिनाभरात कोंबड्या पिंजऱ्यात घातल्या नाहीत, तर त्यांची नावे संस्थेच्या यादीतून कमी होतील व संस्थेमार्फत येणारी लसीकरणाची गाडी गावात येणार नाही. तीन बायांनी भिऊन पिंजरे घेतलेही. त्यांच्या कोंबड्या आता एकमेकींची पिसे उपटून राहिल्या.

५. परवा रविवारी भर दुपारी संस्थेची पडदे लावून बंद केलेली गाडी अर्जदाराच्या दारात आली. आत दोन बकऱ्या होत्या, सोबत एक कागद. बकऱ्या ठेवून घ्या व अहवाल मान्य म्हणून सही करा, असा निरोप होता. अर्जदाराने बकऱ्या उतरवून घेतल्या, पाणी पाजले, संत्र्याखाली बांधल्या. ड्रायव्हरला जेवू घातले. सही झाली असे समजून तो निवांत झोपला. ऊन उतरल्यावर अर्जदाराने बकऱ्या गाडीत चढवल्या, वारा लागावा म्हणून मागचा पडदा वर बांधला आणि सही न करता तोच कागद त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "मावशी, एवढ्या चांगल्या बकऱ्या परत करता?"

"बकऱ्यांचा काही गुन्हा नाही बाबू," अर्जदार म्हणाली. "सही माही आहे."

६. सबब विनंती की, संस्थेचा अहवाल रद्द व्हावा. गावात पिंजऱ्यांची सक्ती थांबावी आणि लसीकरणाची गाडी येत राहावी. जिल्ह्यात यापुढे कुठल्याही मेळाव्यात मालकाच्या हाती किल्ली व पाणी दिल्याशिवाय जनावर उभे करू नये. अर्जदाराला भरपाई नको. कुलपांबद्दल कारवाई करायची असल्यास खुशाल करावी. कुलपे तिनेच फोडली, आणि ती बारा वाजताच फोडायला हवी होती.

मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एवढेच लिहावे : तहान.

आपल्या निकालाची वाट पाहणारी,
जयवंता नत्थूजी कळंबे
(स्वतःच्या हाताची सही)

दि. ६ मे २०२५, पांढुर्णा

सोबत : शवविच्छेदनाची नक्कल, संस्थेच्या अहवालाची नक्कल, गटातील आठ बायांच्या सह्या. उरलेल्या तिघी सही करायला भितात. त्यांची नावे विचारू नयेत.