आत्याच्या सहीआधी

निरगुडसर,
११ मार्च २०२६

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली, ती आधी दुरुस्त करते. लग्न झालेल्या मुलीचा वडिलांच्या जमिनीत हक्क राहत नाही, घोडेगावच्या ऑफिसातली सही म्हणजे नुसती रीत, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. आप्पा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे त्यांच्या जमिनीत तुझा आणि पप्पांचा हक्क सारखा आहे. लग्नानं तो गेलेला नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, वीस तारखेला, तू हक्कसोडपत्रावर सही केलीस तर मात्र जाईल. फोन केला असता, पण तू स्पीकर लावून घरभर ऐकवतेस. शिवाय चूक लिहून केली होती, तर दुरुस्तीही लिहूनच हवी.

कळलं कसं, ते सांगते. अठ्ठावीसला माझी परीक्षा आहे, लोकांच्या पैशांचं, विम्याचं, म्हातारपणाचं नियोजन करून देणाऱ्या सल्लागाराची. सराव परीक्षेत प्रश्न आला: वडील वारले, मृत्युपत्र नाही, एक मुलगा, एक लग्न झालेली मुलगी, जमीन कुणाची? मी विचारही न करता ‘मुलाची’वर बोट ठेवलं. चूक. मला वाटलं, त्यांचंच उत्तर चुकलंय. पुस्तक काढून वारसाचं प्रकरण दोनदा वाचलं, क्लासच्या मॅडमना विचारलं. त्या हसल्या, “अगं, हा तर फुकटचा मार्क!” मार्क गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. शाळेत जायच्या आधी तू मला पाटीवर पाढे शिकवलेस. चुकलेला आकडा थुंकी लावून पुसला तर तुला चालायचं नाही, ओलं फडकं आणायला लावायचीस. आणि तुलाच मी चुकीचं लिहून बसले होते.

काल पप्पांना सांगितलं. कांद्याच्या वावरात ते ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. वर न बघताच म्हणाले, “तिनं कधी मागितलं का? मग तू कशाला काडी लावतीस?” मी म्हटलं, तिला माहीतच नाही, तर मागेल कशी? “लई शिकलीस.” एवढ्यात आई, जी या विषयात आजवर एक शब्द बोलली नव्हती, कांद्याची पाटी खाली ठेवून म्हणाली, “पिंपरी पेंढारला माझ्या भावांनी माझी सही घेतली तवा कुणी पुस्तक उघडलं व्हतं? साडी दिली न् चहा पाजला.” पप्पा नळ्या तशाच टाकून घराकडं निघून गेले. रात्री अर्ध्या ताटावरून उठले. तुझं माहेर मीच तोडलं, असं मला वाटायला लागलं. आज सकाळी मात्र चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “सांगायचंच तर सगळं सांग तिला. विहिरीतला हिस्सा बी सांग, न्हाईतर म्हणशील बापानं लपवलं. सोडू दे नायतर ठिवू दे. बहीण हाय ती माझी, पाडव्याला जेवायला यायचं ते यायचंच.” आत्या, मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि आठवडाभरात पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या.

पण एवढ्यासाठीच हे पत्र नाही. सल्ला देणाऱ्यानं त्यात आपला काय फायदा आहे ते आधी सांगावं, हे आम्हाला पहिल्याच प्रकरणात शिकवतात. मी तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या सहीनंतर रस्त्याकडेच्या तुकड्यात माझ्या ऑफिससाठी गाळा बांधायचं ठरलंय. बोर्डाचा रंगसुद्धा मी ठरवला होता. तुला लिहिलं तेव्हा मला कायदा माहीत नव्हता हे खरं, पण पुस्तक उशाशी होतं आणि मी ते उघडलं नाही. मला गाळा हवा होता, आत्या. म्हणून आता तू मला विचारू नकोस. जुन्नरला एक वकीलबाई आहेत, आपल्यापैकी कुणाच्याच ओळखीच्या नाहीत. त्यांची वेळ घेतली आहे. सातबारा आणि फेरफार मी आणते, तू आधार कार्ड घे. आत तू एकटीच बोल, मी बाहेर बसेन. त्यानंतर तू जे ठरवशील ते तुझं. मी का विचारणार नाही, रुसणारही नाही. सहीला साक्षीदार म्हणून माझं नाव होतं, ते मी काढायला लावलंय. येडगावच्या स्टँडवर साडेनऊला तयार राहा. मी तुला न्यायला येतेय, सोमवारी, सोळा मार्चला.

तुझीच,
अक्षदा