चटणीच्या डब्यातली बोरमाळ

दिंद्रुड, सोमवार

धाकटी बहीण सत्यशीला हिस मुक्ताअक्काचे आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या हनुमानरावांचा दमा आणि लेक संस्कृतीच्या लग्नाची खरेदी, तिन्ही ताब्यात असतील असं धरते. आम्ही दुबईहून धडधाकट परतलो. फोन लावला की हे कान देऊन जवळ येऊन बसतात, म्हणून कागद.

खताच्या कंपनीनं दुकानदारांना जोडीनं दुबई दाखवायची ठरवली आणि तुझ्या दाजींना चोरांची बाधा झाली. (देवळाबाहेर स्वतःची चप्पल ज्यांना कधी सापडत नाही, ते हे.) पासपोर्टच्या चार झेरॉक्स काढल्या, बंडीला चोरखिसा शिवून घेतला आणि त्याच दिवशी चौकात स्वतःच्या फोटोचं बॅनर लावलं: दुबई दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. खाली जायची तारीख, यायचीही तारीख. चोरांना मुहूर्तासकट आवतण! (हात जोडलेल्या अकरा शुभेच्छुकांपैकी दोघांचा तर मला काडीचा भरवसा नाही.) मग घरात काही ठेवायची सोयच उरली नाही. आईची बोरमाळ, चार वर्षं तुझ्याकडं राहून दिवाळीला माझ्याकडं आलेली, संस्कृतीच्या गळ्यात पडायची, ती सोबत न्यावी लागली.

हॉटेलात भिंतीतच तिजोरी होती. हे म्हणाले, "नंबरावर उघडती म्हंजे ज्याला मोजता येतं त्या सगळ्यांची हाय ती." माळ दुसरीकडंच लपवली. कुठं, ते मला सांगितलं नाही. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही ना! दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतली रुद्राणी, परळीच्या दुकानदाराची बायको, तिथल्या फिक्या जेवणाला कंटाळून आली. आपल्याकडं कुणी चटणी मागितली तर चमच्यानं मोजून देतात का? शेंगदाण्याच्या चटणीचा डबाच दिला.

संध्याकाळी यांनी बॅग उपसली आणि मटकन खाली बसले. माळ त्या चटणीत पुरलेली! अगं, आईची आपल्याकडं तेवढी एकच वस्तू. तरी यांची अक्कल बघ: रुद्राणीला खरं सांगायचं नाही, नाहीतर ती दाबून ठेवेल. म्हणून दिलेली चटणी परत मागायला आम्ही दोघं भिकाऱ्यासारखे तिच्या दारात. ती हसली. "अक्का, सकाळपासून तुमालाच हुडकतेय. चटणीत माळ कावून ठेवली वो?" तिनं ती धुऊन रुमालात बांधली होती, वर रिकामा डबा देऊ नये म्हणून डब्यात खारीक-खोबरं. आणि यांनी तिच्यासमोर मणी मोजले! एकदा नाही, दोनदा. मला धरणी पोटात घेईना.

आता हे दुकानात बसून गिऱ्हाइकांना परदेशात चीजवस्तू कशी सांभाळावी ते शिकवतात. बॅनर अजून तिथंच आहे. माळ रोज उशाखाली घेऊन झोपतात.

तुझी,
मुक्ताअक्का

ता. क. चटणीचं तेल मण्यांच्या भोकात गेलं होतं, म्हणून यांच्या नकळत माळ सोनाराकडं नेली. त्यानं एक मणी कसोटीवर घासला, दुसरा घासला आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. पितळ आहे म्हणाला, वर नुसतं सोन्याचं पाणी.

आणखी ता. क. यांना कळू देणार नाही. लग्नात हीच माळ घालू आणि ताठ मानेनं घालू. पण सत्या, माळ तुझ्याकडं असताना आईचं सोनं मोडावं लागलं एवढं काय कोसळलं होतं तुझ्यावर? आणि मला बोलली नाहीस? राग नाही आला, रडू आलं. गुरुवारी हे बीडला जाणार आहेत. नेकनूरहून पहिली गाडी धरून ये. मी ओरडणार नाही.