उजव्या हाताचं रक्त

लोणावळा, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप कोंडाजी मामांना भाचा संदेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मामा, पत्र लिहीन लिहीन म्हणता म्हणता आज उजाडलं. रोज सकाळी कागद काढत होतो आणि रोज कुणीतरी मैदानावर हाक मारत होतं. ज्या दिवशी हाक आली नाही त्या दिवशी मीच जात होतो. फोन करावा, तर शिबिरात आमचे मोबाईल कपाटात बंद आणि तुमचा गोठ्यातल्या खुंटीवर, रेंजशिवाय. तेव्हा कागदच बरा. तुमचा गुडघा कसा आहे? मंगल मामीचा खोकला गेला का? लाल्या आणि पाखऱ्या वैरण नीट खातायत ना? (पाखऱ्याचं आधी विचारणार होतो, पण पत्र मामीच वाचून दाखवणार, म्हणून खोकला पुढे घेतला.)

मी इथे कसा पोचलो ते दुधाच्या टेम्पोवाल्या दत्तानं तुम्हाला उलटंसुलटं सांगितलं असणार. खरं असं झालं. पवनेच्या तंबूवाल्याचं काम सोडल्यावर मी काही दिवस कार्ल्याच्या फाट्यावर कणसं भाजत होतो. (त्यात पंखा हलवत एका जागी बसावं लागतं, ते माझ्याच्यानं होईना.) एकदा एसटीतून उतरलो आणि पिशवी आतच राहिली, म्हणून गाडीमागे पळालो. गाडी धरली. हाताला आलेली पिशवी दुसऱ्याचीच निघाली, पण गाडीत सारिका मॅडम बसल्या होत्या. त्या पुण्याच्या, लोणावळ्यात पळणाऱ्यांचं शिबिर घेतात. हा कुठल्या क्लबचा, असं त्यांनी कंडक्टरला विचारलं. कंडक्टर म्हणाला, ‘क्लब कसला मॅडम, भाजे गावचा संद्या हाय त्यो.’ असा माझा प्रवेश झाला.

आता मुद्द्याचं. आठशे मीटरसाठी मॅडम दोघांना इथेच ठेवून घेणार आहेत. राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांचं. एक जागा गेलीच. उरलेल्या एकीवर मी आणि कार्ल्याचा बजरंग. तुमची अट मला पाठ आहे: नाही जमलं तर मुकाट्यानं तिकोणा पेठेला येऊन बैलांचं बघायचं. मामा, बैल मला आवडतात. पण त्यांना पळताना बघून माझेच पाय शिवशिवतात, त्याला काय करू?

इथे पळण्यापेक्षा रक्तच जास्त काढतात. घाबरू नका, बोटाला सुई टोचून एक थेंब, साखरवाल्या पेशंटचा घेतात तसा. त्यात लॅक्टेट किती ते बघतात. समजावून सांगतो (मला समजलंय तेवढं). पाखऱ्या शर्यतीच्या घाटात सुटला की वर पोचेपर्यंत त्याला श्वास पुरत नाही. अंगात साठवलेल्या साखरेवर तो पळतो, आणि कुशी भात्यासारख्या हलतात त्या वर पोचल्यावर. माणसाचंही तेच. सावकाश पळा, श्वासावर भागतं. जोर लावला की साखर घाईघाईनं फोडावी लागते आणि लॅक्टेट रक्तात चढायला लागतं. मी म्हणालो, म्हणजे विषच की! मॅडम म्हणाल्या, विष कसलं, ते पुन्हा जळणाला लागतं, हृदय तर ते आवडीनं वापरतं. मला हे एकदम पटलं. आपल्याकडे रात्रीच्या भाकरीचा सकाळी कुस्करा होतो, तसंच झालं की. बसलेल्या माणसाचा आकडा एकाच्या आसपास असतो, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

परवा निवडीची चाचणी होती. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून जोरात पळायची आणि प्रत्येक फेरीनंतर थेंब द्यायचा. त्याआधी पोटात जड काही नको, असा हुकूम. आता मामीनं दत्ताच्या टेम्पोतून पाठवलेलं दही जड म्हणता येईल का? मी ते भाकरीवर घेतलं, चांगलं कालवून खाल्लं, बोटं चाटली, चड्डीला पुसली आणि रांगेत उभा राहिलो. (चाटलेली बोटं पुन्हा धुणं म्हणजे मामीच्या दह्याचा अपमान, हे तुम्हीच शिकवलंय.)

पळायच्या आधीचा पहिला थेंब घेतला. यंत्रानं आकडाच दिला नाही. मापाच्या वर, एवढीच खूण. दुसरी पट्टी लावली, बोट तेच. पुन्हा तीच खूण. मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, एवढं लॅक्टेट असलेला माणूस असा गप्पा मारत उभा राहूच शकत नाही. मी उभा होतो. त्यांनी मला आडवा केला. पाय खुर्चीवर, अंगावर चादर, डॉक्टरांना फोन आणि पळायला बंदी! शेजारी बजरंग पाय मोकळे करत होता. ‘संद्या, न पळताच दमलास व्हय रं? जा, मामाची बैलं राख जा.’ मामा, तेव्हा मात्र छातीत धडधडलं, आणि मॅडम नेमकी नाडी धरून होत्या, त्यामुळे तेही माझ्याविरुद्ध गेलं.

फेऱ्या सुरू झाल्या. पडल्यापडल्या दिसत होतं, बजरंग पळतोय आणि त्याच्याबरोबर माझी जागा पळतेय. डॉक्टर आले ते निवांत, चहा झालेले. माझा उजवा हात मॅडमच्या ताब्यात, म्हणून त्यांनी थेंब डाव्याचा घेतला. आकडा एक! उजव्याचा पुन्हा घेतला, मापाच्या वर. डाव्या हाताचा संदेश ठणठणीत आणि उजव्या हाताचा जायच्या वाटेवर. डॉक्टरांनी माझं बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, ‘विरजण कुणाच्या हातचं?’ दह्याच्या आंबटपणात तेच द्रव्य असतं म्हणे, आणि यंत्राला रक्त कुठलं नि दही कुठलं ते कळत नाही. मॅडमनी समोर उभं राहून मला साबणानं हात धुवायला लावले.

मग मी एकटा पळालो. भर उन्हात, बाकीचे सावलीत बसून बघतायत. शेवटच्या फेरीला मांड्यांची लाकडं झाली, तोंडात लोखंडाची चव आली, पण पाय सोडले नाहीत. आकडा सोळाच्या वर गेला, धुतलेल्या हाताचा. आणि मॅडमनी पाठ थोपटली! आठशेला असाच लागतो, म्हणाल्या, एवढं चढूनही पळत राहणारा. सकाळी ज्यासाठी झोपवलं, दुपारी त्याचीच शाबासकी. वेळेत बजरंग माझ्यापेक्षा किंचित पुढे होता, पण तो चौघांबरोबर ईर्ष्येनं पळाला आणि मी एकटा, हे मी मॅडमना नीट समजावून दिलंय. तेव्हा जागा माझीच समजा.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा,
संदेश

ता. क. दही फारच छान झालं होतं. मामी, दोष बोटांचा.

ता. क. दुसरा. खरं काम सांगायचं राहिलं. यंदा यात्रेच्या शर्यतीला बैल धरायला मला येता येणार नाही. तेव्हा नेमका इथला सराव आहे, आणि सराव बुडवला तर जागा गेली. लाल्याला शेजारचा शिदू धरू शकेल, त्याच्या हाताला तो लाथ मारत नाही. राग धरू नका. धरलात तर निदान यात्रेनंतर धरा.

ता. क. तिसरा. जागा माझीच समजा असं वर लिहिलंय, पण निकाल अजून लागायचाय. आज संध्याकाळी लागेल.

ता. क. चौथा. पाकीट चिकटवणार तोच गेटवर टेम्पो थांबला. दत्ताचा नाही, बैल न्यायचा. खिडकीतून बघतोय तर मामा, तुम्हीच उतरताय! मागे पाखऱ्या. मला न्यायलाच आलात. हात लिहितोय कारण पाय बाहेर यायला तयार नाहीत. मॅडम गेटकडे निघाल्या. तुमचा आवाज इथवर येतोय: ‘म्याडम, दत्ता म्हनला, तुमी येका थेंबात वळखता कोन किती पळंल. आमच्या पाखऱ्याचं तेवडं बगा, यात्रा तोंडावर आलीया.’ मॅडम हसतायत. म्हणतायत, बैलाचं बघू, पण तुमच्या संदेशला मात्र आम्ही इथेच ठेवून घेतोय, चालेल ना?

आणि तुम्ही म्हणालात, ‘ठिवा की, कोन न्हाई म्हनतंय. आदी बैलाचं बोला.’