दारामागचा खलाशी

प्रिय ताई,

हे पत्र सूनबाई तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते: बाई गं, काही गाळू नकोस, आणि सासूबाई ‘पुरे’ म्हणाल्या तरी थांबू नकोस.

आमच्या कलासंग्रहालयात रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवतो, हे तुला ठाऊक आहे. शिल्पांच्या दालनामागचं छोटं प्रेक्षागृह, कुरकुरणाऱ्या खुर्च्या, आणि सुरुवातीला दोन शब्द बोलायला मी. गेल्या रविवारी आपला तो खलाशाचा सिनेमा लावला होता. लहानपणी पाहिलेला. भाषा परकी, खाली अक्षरं पळतायत आणि मला वाचता येत नाही. तू माझ्या कानाशी लागून सगळं सांगत होतीस. मागच्या बाई खेकसल्या, तर तू म्हणालीस, ‘काकू, तुम्हालाही ऐकू येतंय ना? मग घ्या की फुकटात!’

तर परवा मी प्रेक्षकांना ऐटीत सांगितलं, सिनेमा मला तोंडपाठ आहे. शेवटी खलाशी दारामागून बाहेर येतो, तो क्षण चुकवू नका. पुन्हा बघून खात्री करावी असं मनातही आलं नाही. शेवट आला. बोट रिकामी झाली, बायको एकटीच घरी गेली, आत जाऊन तिने दार लावलं. आणि दिवे लागले! सगळे माझ्याकडे वळून बघतायत. आमच्या ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढलं. ‘मॅडम, तुमचा खलाशी अजून दारामागेच आहे वाटतं.’ लोक खो खो हसले. मीही हसले.

आपण तो सिनेमा पाहिला त्या वर्षी बाबा कामाला म्हणून गेले ते परतले नव्हते. पडद्यावर दार लागलं तेव्हा तू कुजबुजलीस, ‘तो आधीच घरी आलाय, वेडे. आत लपलाय.’ तू तरी केवढी होतीस गं! तेव्हापासून बंद दार दिसलं की मला वाटतं, आत कुणीतरी आहे. त्याच भरवशावर मी इतकी वर्षं बिनधास्त जगले.

आता डोळे गेल्यापासून तू खोलीचं दार लावून बसतेस. ‘आंधळीला कसला सिनेमा?’ म्हणतेस. मला नाही पटत. येत्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा लावतेय, लोकांनीच मागितलाय. तुला न्यायला मी येतेय. शेवटच्या रांगेत बसू. पडद्यावर जे दिसेल ते तुझ्या कानात सांगेन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. कुणी खेकसलं तर त्यांना काय म्हणायचं ते तू शिकवलंयसच. फक्त ती दार लावेल तेव्हा मी गप्प बसेन. तिथून पुढचं तू सांगायचंस.

सदैव तुझ्या मागे मागे,
तुझीच,
शेपूट